लाईट गेली आणि डेटाबेस उठेना

या पंधरवड्याच्या टपालात चार पत्रं एकाच जातीची निघाली. वळवाचा पाऊस सुरू झाला की आपल्याकडे लाईटचा भरवसा राहत नाही, आणि लाईट गेली की त्या दोन-चार दिवसांत मला अशी पत्रं येतात. नांदेडच्या मोंढ्यात मी १७ वर्षं आडत दुकानांचे हिशोब संगणकावर बसवून दिले. तिथे शिकलेलं एकच सांगते: डेटाबेस, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्राम, बटणाने उठत नसेल तर तो हाताने, कमांड देऊन उठवायचा. बटण फक्त 'झालं नाही' एवढंच सांगतं. का झालं नाही, ते कमांडच्या काळ्या खिडकीत लिहून येतं.

कमांडा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे मी तसं सांगेन. दोन आडव्या रेघा दिसल्या की त्या एकमेकींना चिकटून, आणि त्यांच्यापुढचा शब्दही चिकटूनच.

प्रश्न : ताई, माझं वसमतला कृषी सेवा केंद्र आहे. बिलाचं सॉफ्टवेअर झॅम्पवर चालतं, त्यातला डेटाबेस म्हणजे मायएसक्यूएल. परवा पावसात लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आधीच बसलेली होती, संगणक धाडकन बंद पडला. आता झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलात मायएसक्यूएलचं स्टार्ट दाबलं की नाव पिवळं होतं आणि लगेच लाल ओळ येते, 'मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली'. एका मुलानं सांगितलं, आयबीडेटा१ नावाची फाइल उडवा, लगेच चालू होईल. दुसरा म्हणाला, डेटा फोल्डरवर बॅकअप फोल्डर टाका. मृग तोंडावर आलाय आणि उधारीची सगळी खाती त्यात आहेत. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी हात थांबवा. आयबीडेटा१ उडवू नका. उडवलीत तर सर्व्हर खरंच चालू होईल, पण बिलांचं टेबल उघडायला गेलात की 'डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन' असं उत्तर येईल. टेबलांच्या फाइली फोल्डरात दिसत राहतील, मात्र कोणतं टेबल कुठे आहे याची खातेसूची त्या एका फाइलीत होती आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने फाडलेली असेल.

झॅम्पमधल्या बॅकअप फोल्डरचंही नीट समजून घ्या. नाव बॅकअप आहे, पण तुमचं एकही बिल त्यात नाही. झॅम्प बसवलं त्या दिवशीचा कोरा डेटा तिथे जपून ठेवलेला असतो. त्याचा उपयोग आहे, पण तो शेवटी.

तुमच्या संगणकात नेमकं काय घडलं, ते तुमच्या दुकानाच्याच भाषेत सांगते. जुने मुनीम व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपून घेत आणि सवडीने खतावणीत चढवत. डेटाबेसही तसाच वागतो. बिल सेव्ह झालं की नोंद आधी लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, पक्की होते. टेबलाच्या मूळ फाइलीत, म्हणजे खतावणीत, ती थोड्या वेळाने जाते. मधेच लाईट गेली तर खतावणी अर्धवट राहते. पुढच्या वेळी सर्व्हर उठताना आधी रोजकीर्द वाचतो, राहिलेल्या नोंदी चढवतो, अर्धे राहिलेले व्यवहार रद्द करतो आणि मगच दार उघडतो. म्हणून लाईट गेल्यावर बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो. तो दुसऱ्याच कशावर तरी अडलेला असतो, आणि ते 'दुसरं काहीतरी' आपल्याला शोधायचं आहे.

पहिलं काम कॉपीचं. टास्क मॅनेजर उघडून मायएसक्यूएलडी चालू नाही ना, ते बघा. मग सी ड्राइव्हवर झॅम्प, त्यात मायएसक्यूएल, त्यात डेटा, हे पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. ही कॉपी होईपर्यंत पुढचं वाचूसुद्धा नका.

आता कमांड प्रॉम्प्ट उघडा, झॅम्पच्या मायएसक्यूएलमधल्या बिन फोल्डरात जा आणि ही ओळ द्या:

मायएसक्यूएलडी --डिफॉल्ट्स-फाइल=माय.आयएनआय --कन्सोल

कंट्रोल पॅनेलचं बटणसुद्धा आतून हाच प्रोग्राम चालवतं आणि त्याला हीच माय.आयएनआय, म्हणजे सेटिंगची फाइल, देतं. आपण वेगळी दिली ती फक्त कन्सोल. त्यामुळे सर्व्हर आपलं म्हणणं लॉगच्या फाइलीत पुरून न ठेवता समोरच्या खिडकीत लिहितो. या ओळी वाचा. सगळ्या समजायची गरज नाही, 'एरर' शब्द असलेल्या तेवढ्या शोधा.

पोर्टचं नाव काढून 'बाइंड ऑन टीसीपी/आयपी पोर्ट' असं काही आलं, तर ३३०६ हा दरवाजा दुसऱ्या कुणीतरी अडवलाय. बहुतेक वेळा कधीतरी बसवलेला दुसरा मायएसक्यूएल विंडोजची सर्व्हिस म्हणून मागे चालू असतो. त्याच ओळीच्या शेवटी --पोर्ट=३३०७ जोडून बघा. सर्व्हर उठला तर दुखणं कळलं. ती दुसरी सर्व्हिस बंद करा आणि पुन्हा ३३०६ वर या.

'अरिया रिकव्हरी फेल्ड' आलं तर तेही घाबरण्यासारखं नाही. झॅम्पमध्ये नाव मायएसक्यूएल दिसत असलं तरी आत बसलेला सर्व्हर मारियाडीबी आहे, आणि त्याची स्वतःची टेबलं, म्हणजे यूजर, परवानग्या वगैरे, अरिया नावाच्या पद्धतीने साठवलेली असतात. लाईट गेल्यावर झॅम्पवाल्यांना सर्वांत जास्त छळतात ती हीच. उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो: अरिया_सीएचके हा प्रोग्राम -आर देऊन त्या टेबलांवर चालवा आणि अरिया_लॉग ने सुरू होणाऱ्या फाइली काढा. डेटा फोल्डरातल्या मायएसक्यूएल नावाच्या उपफोल्डरात एमएआय शेपटीच्या फाइली असतात, त्यांच्यावर तो चालवायचा. फाइल काढायची म्हणजे डिलीट करू नका, दुसरीकडे हलवा. तुमची बिलं इनोडीबी या दुसऱ्या साठवण-पद्धतीत असतील तर या फाइलींशी त्यांचा संबंध नाही.

आणि इनोडीबीच अडली असेल, 'करप्ट' किंवा 'पेज' असे शब्द आणि मागे आकड्यांची लांब रांग येत असेल, तर मात्र जपून. ओळीच्या शेवटी --इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी=१ जोडा. हा आकडा १ पासून ६ पर्यंत जातो. १ म्हणजे खराब पान लागलं तरी अडून बसू नको. ३ म्हणजे अर्धवट व्यवहार रद्द करायच्या फंदात पडू नको. ६ म्हणजे रोजकीर्द न वाचताच दुकान उघड. ३ पर्यंत जायला हरकत नाही. ४ आणि पुढे मूळ फाइली कायमच्या बिघडू शकतात, म्हणून तिथे फक्त कॉपीवर प्रयोग करायचा, तोही दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा. १ ने भागत असेल तर २ कडे वळू नका.

हा ऑप्शन मी माय.आयएनआयमध्ये कधीही लिहीत नाही. फाइलीत लिहिलेलं माणूस विसरतो. सर्व्हर तसाच अर्ध्या शुद्धीत चालू राहतो आणि नवी बिलं का चढत नाहीत म्हणून पुन्हा शोधाशोध. ओळीत दिलेला ऑप्शन त्या एका वेळेपुरता असतो, आणि इथे आपल्याला तेच हवं आहे.

असा उठलेला सर्व्हर धंद्यासाठी नाही, सामान बाहेर काढण्यासाठी आहे. दुसरी काळी खिडकी उघडून सगळं एका फाइलीत उतरवा:

मायएसक्यूएलडम्प -यू रूट --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --रिझल्ट-फाइल=दुकान.एसक्यूएल --डेटाबेसेस, आणि पुढे जागा सोडून तुमच्या डेटाबेसचं नाव

कॅरेक्टर-सेट दिलंय ते शेतकऱ्यांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून. रिझल्ट-फाइल दिलंय कारण पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांडची दुसरी खिडकी) बाणाची खूण वापरून उतरवलेली फाइल वेगळ्याच लिपीबंधात साठते आणि परत चढवताना रडवते. काम झालं की फाइलीचा शेवट उघडा. तिथे 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख असेल तरच ती पूर्ण उतरली. नसेल तर मधेच तुटली आहे, आकडा एकने वाढवून पुन्हा करा.

त्यानंतर सर्व्हर बंद करा. खिडकीची फुली दाबून नव्हे, दुसऱ्या खिडकीतून: मायएसक्यूएलअ‍ॅडमिन -यू रूट शटडाउन. जुन्या डेटा फोल्डरचं नाव बदलून ठेवा. आता त्या कोऱ्या बॅकअप फोल्डराची पाळी आली. त्याची एक प्रत करून तिला डेटा नाव द्या, सर्व्हर नेहमीसारखा चालू करा आणि उतरवलेली फाइल चढवा. चढवताना कमांड प्रॉम्प्टच वापरा, कारण पॉवरशेलला फाइल आत घेणारी उलटी बाणखूण चालत नाही. कोऱ्या डेटात रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य यूजरला, पासवर्ड नसतो. तुमचा जुना असेल तर तो पुन्हा लावायचा आहे.

आणि भाऊ, बी-बियाण्याचा हंगाम सुरू होण्याआधी इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घ्या.

प्रश्न : ताई, मी परभणीत संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कमांडवर --पोर्ट=३३०७ दिलं तर सर्व्हर ३३०७ वर आला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ३३०६ वर. सर म्हणतात, फाइलीत बदल कर. मग ओळीत ऑप्शन देण्याचा उपयोग काय? आणि डिफॉल्ट्स-फाइल शेवटी दिली की 'अननोन व्हेरिएबल' का येतं? तसं नाव तर पुस्तकात आहे.

उत्तर : तुझे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. सर्व्हर उठताना आपली माहिती कोणत्या क्रमाने गोळा करतो, हे कळलं की दोन्ही सुटतात.

मायएसक्यूएल उठताना आधी स्वतःचे ठरलेले आकडे घेतो. त्यावर माय.सीएनएफ किंवा माय.आयएनआय या फाइलींतलं वाचतो. आणि सगळ्यात शेवटी कमांडच्या ओळीत तू दिलेलं वाचतो. तीच गोष्ट दोनदा सांगितली असेल तर नंतरचं ऐकतो. म्हणून फाइलीत ३३०६ असतानाही तुझं ३३०७ चाललं. दुसऱ्या दिवशी सर्व्हर सर्व्हिसमधून उठला, त्याच्या ओळीत तुझं ३३०७ नव्हतंच.

आता डिफॉल्ट्स-फाइल. 'कोणती फाइल वाचू' हे त्याला फाइल वाचण्याआधीच कळायला हवं. म्हणून तो ऑप्शन पहिलाच लागतो, मायएसक्यूएलडीच्या लगेच पुढे. मागे दिलास तर तो त्याला साधा आकडा समजून शोधतो आणि 'असं काही मला माहीत नाही' म्हणतो. नियम विचित्र वाटतो, पण कारण कळलं की पाठ करावा लागत नाही.

उपयोग काय, याचं माझं उत्तर असं: पडताळून बघायचं ते ओळीत द्यावं, पटलं की फाइलीत लिहावं. तुझ्या लॅपटॉपला रॅम कमी असेल तर --इनोडीबी-बफर-पूल-साइज=२५६एम देऊन उठव, तुझी क्वेरी चालव, मग ५१२एम देऊन तीच चालव. यातला एम मोठ्या अक्षरात लिही. प्रत्येक वेळी फाइल बदलत बसलीस तर चौथ्या वेळी मूळचा आकडा काय होता तेच आठवत नाही. (हेच सर्व्हर चालू असताना सेट ग्लोबलने बदलायला गेलीस तर तिथे एम चालत नाही, पूर्ण बाइट लिहावे लागतात. यात माझी एक दुपार गेली होती.)

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर दोन सर्व्हर उठवायचा प्रयोग जरूर कर. त्यातून ऑप्शन अंगात मुरतात. दुसऱ्याला वेगळं पोर्ट हवं, वेगळं डेटाडिर (डेटाचा फोल्डर) हवं, आणि लिनक्स असेल तर वेगळं सॉकेटही. डेटाडिर वेगळं द्यायला विसरलीस तर दुसरा सर्व्हर 'अनेबल टू लॉक आयबीडेटा१' म्हणत अडून बसेल. त्याचे आभार मान. एका खतावणीत दोन मुनीम एकाच वेळी लिहायला बसले असते तर काय झालं असतं, याचा विचार कर. नव्या डेटाडिरात आधी --इनिशियलाइझ देऊन पायाभरणी करावी लागते. तो रूटसाठी तात्पुरता पासवर्ड तयार करून लॉगमध्ये लिहितो. --इनिशियलाइझ-इनसिक्युअर दिलंस तर पासवर्ड रिकामा राहतो. मारियाडीबीत हे काम मायएसक्यूएल_इन्स्टॉल_डीबी नावाचा वेगळा प्रोग्राम करतो, मायएसक्यूएलचं पुस्तक बघून तिथे शोधत बसू नकोस.

दुसऱ्या सर्व्हरला जोडताना लिनक्सवर एक फसगत हमखास होते. तू मायएसक्यूएलला -पी ३३०७ दिलंस (पोर्टचा पी मोठा, पासवर्डचा लहान) आणि होस्ट लोकलहोस्ट दिलास, तरी तू पहिल्याच सर्व्हरवर जाशील. लोकलहोस्ट म्हटलं की तो नेटवर्कने जातच नाही, सॉकेटच्या फाइलीतून जातो, आणि पोर्टकडे बघतही नाही. होस्ट म्हणून १२७.०.०.१ दे, मग पोर्ट ऐकेल. पासवर्डचा लहान पी आणि पासवर्ड यांच्यात जागा सोडायची नाही. खरं तर पासवर्ड ओळीत लिहूच नये, नुसता पी द्यावा आणि विचारल्यावर टाइप करावा.

कधी गोंधळ झालाच तर मायएसक्यूएलडी --प्रिंट-डिफॉल्ट्स दे. सगळ्या फाइली मिळून कोणते ऑप्शन गोळा झालेत, ते तो एका ओळीत छापतो. हाही पहिलाच द्यायचा.

प्रश्न : मी जालन्यात एका पॅथॉलॉजी लॅबचा संगणक सांभाळतो. उबुंटू या लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. शनिवारपासून सर्व्हर उठेना. आधी रूटने (लिनक्सच्या मुख्य खात्याने) उठवून पाहिला, नकार दिला. परवानगीचा घोळ असेल म्हणून डेटाच्या फोल्डरला ७७७ केलं, म्हणजे सगळ्यांना खुलं. मग एका मित्राच्या सांगण्यावरून इनिटडीबी चालवलं, सर्व्हर उठला, पण आत एकही रिपोर्ट नाही. तीन वर्षांचे रिपोर्ट गेले का?

उत्तर : गेले नाहीत. हे मी खात्रीने म्हणते, कारण इनिटडीबी रिकाम्या फोल्डरातच काम करतं. फोल्डरात काही असेल तर 'एक्झिस्ट्स बट इज नॉट एम्प्टी' म्हणून परत फिरतं. म्हणजे मित्राने नव्या फोल्डरात नवं घर बांधलं आणि तुम्ही त्या रिकाम्या घरात उभे राहून सामान शोधताय. जुनं घर कुलूप लावून तसंच उभं आहे.

तुमची घालमेल मला कळते. हळदीच्या हंगामात एकदा मी सर्व्हर चुकीच्या डेटा फोल्डरावर उठवला होता. दुकानाचं सॉफ्टवेअर उघडलं तर सगळी खाती शून्य. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते, बाहेर पट्टीसाठी शेतकरी थांबलेले. घाबरून मी सकाळच्या ६ पट्ट्या त्या रिकाम्या डेटाबेसात पुन्हा टाकल्या. चूक सापडल्यावर त्या ६ पट्ट्या शोधून मूळ डेटाबेसात हाताने भराव्या लागल्या. तेव्हापासून सर्व्हर उठला की माझा पहिला प्रश्न एकच: तू कोणत्या फोल्डरावर उभा आहेस? पोस्टग्रेसात 'शो डेटा_डिरेक्टरी', मायएसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट' आणि पुढे दोन अ‍ॅट लावून डेटाडिर. उत्तर बघितल्याशिवाय मी एकही नोंद करू देत नाही. तुम्हीही त्या नव्या घरात आज कुणाचा रिपोर्ट भरू नका.

शनिवारी सर्व्हर मुळात का पडला, ते लॉग बघितल्यावर कळेल. पण त्यानंतर तो उठू नये अशी व्यवस्था ७७७ ने केली. पोस्टग्रेस या बाबतीत कडक आहे. डेटाचा फोल्डर मालकाशिवाय इतरांना उघडा असेल तर तो 'इनव्हॅलिड परमिशन्स' म्हणून उठायलाच नकार देतो. रूटने चालवायलाही त्याचा नकार असतो, तोही याच काळजीपोटी. तुमच्याकडे लोकांचे रक्ताचे रिपोर्ट आहेत, हा कडकपणा तुमच्या फायद्याचा आहे.

मित्राने उठवलेला नवा सर्व्हर थांबवा. फोल्डर पुसू नका, नुसता थांबवा. मग पीजी_एलएसक्लस्टर्स द्या. उबुंटूवर किती घरं आहेत, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या पोर्टवर, चालू की बंद, याची यादी येते. जुनं घर तिथे 'डाउन' दिसेल. मित्राने हाताने उभारलेलं घर बहुधा त्या यादीत नसेल, ते ठीक आहे. जुन्याच्या ओळीत शेवटी लॉगचा पत्ता असतो. आधी जुन्या फोल्डराची परवानगी ७०० (फक्त मालकाला) करा आणि मालक पोस्टग्रेस हाच यूजर आहे ना, ते तपासा. ७७७ आतल्या फाइलींनाही लागलं असेल तर त्याही पूर्ववत करा: फोल्डर ७००, फाइली ६००. मग लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. डिस्क भरली असेल, तर आधी जागा करा. त्यासाठी डेटा फोल्डरातल्या पीजी_वॉलला हात लावू नका. लोक त्याला नुसता लॉग समजून उडवतात, आणि ती तर रोजकीर्द.

उठवताना उबुंटूवर पीजी_सीटीएलक्लस्टर, पुढे आवृत्ती, घराचं नाव (बहुतेक ठिकाणी मेन) आणि स्टार्ट, असं द्यावं. इतर लिनक्सवर सरळ पीजी_सीटीएल वापरतात: -डी (हा डी मोठा) आणि डेटाचा फोल्डर, -एल आणि लॉगची फाइल, शेवटी स्टार्ट. सर्व्हरला स्वतःचे ऑप्शन द्यायचे असतील तर ते -ओ च्या पुढे अवतरणात, जसं "-पी ५४३३". उबुंटूवर हा सरळ मार्ग अडतो, कारण तिथे पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही फाइल डेटाबरोबर नसते, ईटीसीखालच्या पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरात वेगळी असते. सर्व्हरला ती सापडत नाही.

आणि पोस्टग्रेसची एक सवय मायएसक्यूएलपेक्षा वेगळी आहे. ओळीत दिलेले ऑप्शन तो पोस्टमास्टर.ऑप्ट्स नावाच्या फाइलीत टिपून ठेवतो, आणि पीजी_सीटीएल रीस्टार्ट म्हटलं की तेच पुन्हा वापरतो. रीस्टार्ट करूनही जुनं पोर्ट का जात नाही, याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं. ओळीत दिलेल्या गोष्टीपुढे फाइलीतलंही चालत नाही आणि ऑल्टर सिस्टिमचंही (सर्व्हरच्या आतून सेटिंग बदलायची कमांड) नाही. कोणता आकडा कुठून आला ते बघायचं असेल तर पीजी_सेटिंग्ज या दृश्यात सोर्स नावाचा रकाना आहे. तिथे 'कमांड लाइन' दिसलं की समजायचं, कुणीतरी ओळीत दिलंय. मायएसक्यूएलच्या प्रिंट-डिफॉल्ट्सपेक्षा मला हे जास्त आवडतं. सर्व्हर चालू असताना विचारता येतं आणि एकेक आकड्याचा उगम सांगतं.

बंद करायच्या तीन तऱ्हाही कळून घ्या. स्मार्ट म्हणजे शटर अर्धं ओढून घेतलं, आत असलेलं गिऱ्हाईक आपणहून जाईपर्यंत थांबलो. फास्ट म्हणजे सगळ्यांना बाहेर काढलं, अर्धी बिलं रद्द केली, हिशोब नीट बंद केला. पीजी_सीटीएल हेच धरून चालतो. इमिजिएट म्हणजे आपणच मेन स्विच पाडला. पुढच्या वेळी रोजकीर्द वाचत उठावं लागेल. लॅब बंद करताना फास्ट पुरेसं आहे. सर्व्हर थांबेना म्हणून पोस्टमास्टर.पीआयडी ही फाइल उडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या घरात कुणीतरी राहतंय, ही ती पाटी आहे.

प्रश्न : उदगीरला आमचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. आधीचा मुलगा नोकरी सोडून गेला आणि मायएसक्यूएलच्या रूटचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. --स्किप-ग्रँट-टेबल्स देऊन उठवा असं सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : काम होईल, पण मी ते पहिलं सुचवत नाही. त्या ऑप्शनने सर्व्हर उठला की पासवर्ड कुणालाच विचारत नाही, तुम्हालाही नाही आणि त्याच वायफायवर बसलेल्या गिऱ्हाइकालाही नाही. मायएसक्यूएल ८ त्याबरोबर नेटवर्क आपोआप बंद करतो. मारियाडीबीवर भरवसा न ठेवता --स्किप-नेटवर्किंग स्वतः जोडावं लागतं. आणि 'फ्लश प्रिव्हिलेजेस' म्हटल्याशिवाय पासवर्ड बदलूही देत नाही.

त्यापेक्षा --इनिट-फाइल बरं. एका साध्या फाइलीत एकच ओळ लिहा: ऑल्टर यूजर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय, पुढे अवतरणात नवा पासवर्ड आणि शेवटी अर्धविराम. चालू सर्व्हिस थांबवा. मग मायएसक्यूएलडीला --इनिट-फाइल= पुढे त्या फाइलीचा पूर्ण पत्ता देऊन उठवा. लिनक्सवर --यूजर=मायएसक्यूएल हेही द्या, आणि ती फाइल त्या यूजरला वाचता येईल अशी ठेवा. सर्व्हर उठताना ती ओळ स्वतः चालवतो आणि दार एक क्षणही सताड उघडं राहत नाही. नव्या पासवर्डने आत जाऊन बघा, सर्व्हर बंद करा, सर्व्हिस नेहमीसारखी चालू करा आणि ती फाइल लगेच पुसा, कारण पासवर्ड त्यात उघडा लिहिलेला आहे.

मग आत शिरून यूजरांची यादी काढा. गेलेल्या मुलाच्या नावाचं खातं असेल तर बंद करा. तुमचं अर्जांचं सॉफ्टवेअर रूटनेच जोडलेलं असेल तर त्याच्यासाठी वेगळा यूजर करा. जोडणीची फाइल सापडत नसेल तर सॉफ्टवेअरचं नाव आणि ते पीएचपीत आहे की कशात, एवढं कळवा. पुढच्या अंकात तिथून सुरू करते.